पत्रा लागेपर्यंत घासा

आमच्या ह्यांनी बस डेपोत रंगारी म्हणून एकतीस वर्षं काढली. जुनी बस आली की वरचा रंग खरवडायचा, खालचा करडा प्रायमर खरवडायचा, पत्रा चकाकला की मगच ब्रशला हात लावायचा. ह्यात तडजोड नाही.

यंदा डेपोत काचेचं कपाट आलं. जुन्या लोकांनी आपापल्या हातानं केलेली वीतभर नमुन्याची बस आणून ठेवायची, शनिवारी दुपारी कपाटाला कुलूप. ह्यांना तिथे आपली हिरवी बस ठेवायचीच होती. एक तर एकतीस वर्षं, त्यात माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे ह्यांचे साडू, तिथलेच मेकॅनिक. त्यांची हिरवी बस केव्हाच कपाटात जाऊन बसलेली. रोज फोन करून विचारायचे, रंग वाळला का म्हणून.

रंग कुठला वाळतोय! ह्यांना मिळालेला सुटे भाग जोडून बस करायचा प्लास्टिकचा किट कारखान्यातूनच लालभडक रंगवून आलेला. त्याच्यावर हिरवा मारला तर थर जाड होतो, खिडक्यांच्या कडा बुजतात. म्हणून हे आधी लाल काढायला बसले. सगळे भाग ब्रेक ऑइलमध्ये दोन दिवस बुडवून ठेवले. डबा माझा होता. टूथब्रशही माझाच होता, हे मला नंतर कळलं.

लाल रंग सालीसारखा सुटला आणि खाली निघालं करडं प्लास्टिक. झालं! ह्यांना वाटलं, प्रायमर.

मी म्हटलं, अहो, ते प्लास्टिकच आहे, त्याच्याखाली काही नाही.

"एकतीस वर्षं मी काय गवत कापलं?" हे म्हणाले, आणि पॉलिश पेपर घेऊन घासायला लागले.

बुधवार घासलं, गुरुवार घासलं. शुक्रवारी बसच्या आरपार पेपर वाचता यायला लागला. मी निधनवार्तांचं अख्खं पान वाचून काढलं. शनिवारी सकाळी ह्यांनी भाग चिकटवले, तेवढ्यात मला शिंक आली. बस उडाली, पंख्याला दोन फेऱ्या मारल्या आणि पडद्याच्या दांडीवर जाऊन थांबली. खोटं सांगत नाही, थांबताना जराशी कललीसुद्धा. खाली काढून हिरव्या रंगाचा एक थेंब लावून पाहिला, तर थेंबाच्या वजनानं आडवीच झाली. तो पुसून टाकावा लागला.

मग मात्र हे खुर्चीत बसले. "नको नेऊ या," म्हणाले. "साडू जन्मभर हसतील."

मी बस चपलांच्या खोक्यात घातली, ह्यांना शर्ट घालायला लावला आणि दोघं श्वास रोखून डेपोत गेलो.

मॅनेजरबाई किल्ली घेऊन उभ्याच होत्या. कपाटात एकच जागा उरली होती, पुढच्या रांगेत, बरोब्बर साडूंच्या बसपुढे. बाईंनी चिमट्यानं आमची बस तिथे ठेवली, कुलूप लावलं आणि बघतच राहिल्या. मागच्या बसचा सगळा हिरवा रंग आमच्या बसमधून असा उतरला होता की काय सांगू! लोक जमले. ब्रशची एक रेघ दिसत नाही म्हणाले. एका ड्रायव्हरनं तर ह्यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

साडू लालबुंद. "अहो बाई, तो रंग माझ्या बसचा आहे."

बाईंनी वाकून काचेतून नीट पाहिलं. "तुमची बस कुठंय पण?"

हे नुसते शर्टाची कॉलर सारखी करत राहिले.

आता साडू दर सोमवारी डेपोत जातात, कपाटाच्या कडेला उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतात, जरा इकडून बघा, बाजूनं बघा. एकट्यानं कंटाळा येतो बिचाऱ्यांना. म्हणून हेही जातात सोबतीला.