कागदावरचं इंग्रजी

चंद्रमोहन पेंढारकर मास्तरांनी खडू टेबलावर असा आपटला की त्याचे तीन तुकडे झाले.

"अरे, बोला! एक वाक्य बोला इंग्रजीत! दातखीळ बसलीय का सगळ्यांची?"

वर्गातली अडतीस पोरं मख्ख. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मो पा कोने, मिस्ये." म्हणजे, मला नाही माहीत, मास्तर. क्रिओल या तिथल्या बोलीतले हे चार शब्द ऐकून ऐकून मास्तरांचे कान किटले होते.

मास्तर मूळचे मिरजेचे. एकसष्ट साली बोटीनं मॉरिशसला आले, इंग्रजी शिकवायला. शाळा कांप दे मास्क गावात, चारी बाजूंनी ऊस, वर पत्रा. मालक बाबूराव. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून करारावर ऊस तोडायला आलेले. नातवानं भाजीचे मळे केले आणि त्यातून ही शाळा काढली. माणूस चांगला, पण बोलणं रोखठोक.

"सा म्हयने बघू," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "मंग तपासनीस येल. त्याच्याम्होरं पोरां इंग्रजी बोलली की नोकरी पक्की, तुमी बायकोला बोलवून घ्या. नाय बोलली, तर परतीची बोट हायच."

बायको, कुंती, मिरजेला. मास्तर निघाले तेव्हा तिला सातवा महिना होता. लेक झाली, आता म्हणे कुशीवर वळायला लागली, आणि बापानं अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. सगळं या अडतीस मुक्या तोंडांवर अडलेलं. माणसाचं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

बरं, पोरं ढ असती तरी मनाची समजूत घालता आली असती. पण नाही! निबंध लिहायला सांगा, दोन पानं सुरेख इंग्रजी, एक चूक सापडायची नाही. फक्त तोंडानं बोलायचं नाही. दुकानात क्रिओल, मोठ्या लोकांशी फ्रेंच, घरात आणि देवळात आजोबांच्या काळची मराठी. इंग्रजी परीक्षेच्या कागदापुरतं. कागद भरला की काम झालं.

त्यात गावकऱ्यांचा वेगळाच ताप. मास्तर देसातून आलेले, म्हणजे त्यांना पूजा सांगता येणारच, अशी सगळ्यांची पक्की खात्री. गणपतीत त्यांना आरतीला पुढं उभं केलं. तिसऱ्या कडव्याला मास्तर अडले, तर दोन म्हाताऱ्यांनी ती पुरी करून दाखवली आणि वर विचारलं, "देसात आता शिकवत नाय काय?" मास्तर त्या दिवशी न जेवताच झोपले.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी वर्गात क्रिओलवर बंदी घातली. झालं, होतं तेवढंही बोलणं बंद पडलं.

"विद्यावती, तू तरी बोल गं!" त्यांनी हात जोडले. विद्यावती ऊसतोड्याची मुलगी, वर्गात पहिली. ती उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"लिवून देऊ काय, मास्तर?"

मास्तरांनी डोकं धरलं.

सहा महिने भरले त्या गुरुवारी तपासनीस आले. क्युरपिप शहरातून मोटारीनं, हातात भिजलेली छत्री. बाबूराव चहाच्या तजविजीला पळाले. मास्तरांनी खणखणीत इंग्रजीत स्वागत केलं. तपासनिसांनी मान डोलावली, खुर्चीत बसले आणि फ्रेंचमध्ये बोलायला लागले.

आता काय करावं? इंग्रजीची तपासणी, आणि ती चालली फ्रेंचमध्ये! मास्तरांना 'बोंजूर'च्या पुढं ओ की ठो कळेना. तपासनिसांनी काहीतरी विचारलं. पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. कुंतीचं शेवटचं पत्र खिशात होतं, त्यावर त्यांनी हात दाबला, आणि तोंडून जे निघालं ते ऐकून त्यांनाच घाम फुटला.

"मो पा कोने, मिस्ये."

तपासनिसांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पेन काढलं आणि ते लिहायला लागले. संपलं सगळं, मास्तरांच्या मनात आलं.

तेवढ्यात पुढचा बाक करकरला. विद्यावती उभी होती. आणि इंग्रजीत, चांगल्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "सर, आठवड्याला किती तास शिकवता, असं ते विचारताहेत."

मास्तरांनी चाचरत इंग्रजीत उत्तर दिलं. तिनं ते फ्रेंचमध्ये तपासनिसांना सांगितलं. दुसरा प्रश्न आला, तोही तिनं सांगितला. तिसऱ्याला मागच्या बाकावरचा देवराज इंग्रजीतच ओरडला, "चूक! कविता नाही, निबंध म्हणाले ते!" "नाही, दोन्ही म्हणाले!" आणखी एक मुलगी. बघता बघता सात-आठ जणांची जुंपली, सगळी इंग्रजीत.

तपासनिसांनी पेन खिशात घातलं आणि हसत, इंग्रजीत म्हणाले, "मी पुष्कळ शाळा पाहिल्या. इंग्रजीत भांडणारा वर्ग हा पहिलाच."

मोटार गेली आणि मास्तरांचा बांध फुटला. "सहा महिने! सहा महिने घसा फोडला मी! येत होतं तर बोलला का नाहीत?"

विद्यावती शांतपणे मराठीत म्हणाली, "तुमी मराठी समजता की, मास्तर. तुमच्यासंगं इंग्रजी कशाला? आज सायबाला इंग्रजी ऐकायचं होतं आन तुमी अडलात, म्हणून बोललो."

मास्तर खुर्चीत बसले आणि कुंतीला पत्र लिहायला कागद पुढं ओढला.

नोकरी पक्की झाली. कुंतीला पत्र गेलं. सोमवारी मास्तर आनंदानं वर्गात आले, इंग्रजीत प्रश्न विचारला, आणि समोर पुन्हा अडतीस मिठाच्या गुळण्या. त्यांनी खडू उचलला, आपटणार इतक्यात थांबले.

"विद्यावती, इकडे ये. मला घर भाड्यानं घ्यायचंय. मालक दुकानदार आहे, त्याला क्रिओलशिवाय काही येत नाही. मी पुन्हा अडलोय. मला शिकव, पण समजवायचं इंग्रजीत."

सगळा वर्ग पुढं सरसावला. विद्यावतीनं फळ्यावर क्रिओल वाक्य लिहिलं, त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितला: मी माझ्या बायकोसाठी आणि लेकीसाठी घर शोधतोय. मास्तरांनी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं.

"आता बोला, सर."

मास्तर उभे राहिले. अडतीस जोड्या डोळे त्यांच्यावर. ते पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले.

"दुकानदाराला लिहून दिलं तर चालेल का?"

विद्यावतीनं खडू टेबलावर आपटला. "तोंड उघडा, सर!" ती इंग्रजीत ओरडली.

मास्तरांचे कान तापले. त्यांनी खिशातल्या पत्राला हात लावला आणि तोंड उघडलं.

"मो पे रोद एन लाकाज... पु मो फाम... एक् मो तिफी."