दीक्षा फार छान वाचते

दीक्षाने पुस्तक दोन्ही हातांत धरले आणि आंब्याच्या झाडाचा इंग्रजी धडा खणखणीत आवाजात वाचायला घेतला. अमरावतीहून शाळा पाहायला आलेले फादर समोर बसून कौतुकाने मान डोलावत होते. तिच्या मागे उभ्या असलेल्या रागिणी टीचरची नजर मात्र पुस्तकावर होती. दीक्षापुढच्या उघड्या पानावर हत्तीचे चित्र होते.

धडा संपला. फादरांनी टाळ्या वाजवल्या, मग वर्गाने वाजवल्या, आणि मुख्याध्यापिका सिस्टर जसिंता रागिणीकडे पाहून चक्क हसल्या.

बडनेऱ्याच्या चर्चमागची ही चार खोल्यांची मिशनची शाळा. दुसरीच्या वर्गात मुले खच्चून भरलेली. वाचन म्हणजे टीचरने एक ओळ म्हणायची आणि वर्गाने ती ओरडून परत म्हणायची. दिवाळीपर्यंत पुस्तक पाठ! पोर घरी जाऊन फाडफाड इंग्रजी बोलले की आईबाप धन्य, पाहुणे खूश झाले की सिस्टर धन्य. रागिणीची नोकरी दरवर्षी नव्याने ठरायची, तेव्हा तीही काही साधुसंत नव्हती. पाहुणे आले की ती दीक्षालाच उभे करी. या पोरीला एक अक्षर लागत नाही, हे तिला पोळ्यापासून ठाऊक होते. उद्या जवळ घेऊन बसू, असे ती रोज म्हणायची आणि घंटा व्हायची.

मधल्या सुट्टीत फाटकाशी दीक्षाची आजी, मैनाबाई उभी होती. सिस्टर आणि फादर तिथेच गाडीपाशी बोलत होते.

"मॅडम, पोट्टीले घरी नेऊ का जराकसं? लगेच आणून सोडतो," मैनाबाई म्हणाली. "बुढ्याच्या मोतीबिंदूचं आप्रेशन झालं ना परवा. डोळ्यात दवाई टाकाची हाय."

"त्यासाठी दीक्षा कशाले?"

"अवो, माह्या कानाची बी तसलीच बाटली हाय. मले अडाणीले का समजते? तिचे मायबाप पुण्याले कामावर. हेच वाचून टाकते. तुमचे लय उपकार हायेत, मॅडम!"

रागिणीने सिस्टरकडे पाहिले, फादरकडे पाहिले, आणि ती गप्प बसली. आजी नातीचा हात धरून निघून गेली.

वर्गात आल्यावर तिला खुर्चीत बसवेना. आता बोलावे तर नोकरी जाईल, नाही बोलावे तर म्हाताऱ्याचा डोळा. हातातला खडू टाकून ती तशीच बाहेर पडली आणि कुणाला न विचारता तिने स्कूटी काढली.

रेल्वे रुळांपलीकडच्या वस्तीत दीक्षाचे घर. तिचे आजोबा डोमाजी खाटेवर उताणे पडले होते आणि दीक्षा त्यांच्या डोळ्यावर बाटली धरून वाकली होती.

"थांब!" रागिणी दारातूनच ओरडली आणि तिने बाटली हिसकावली. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले होते, कानाचे थेंब.

डोळा आणि कान! हे शब्द तिने पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. साऱ्या वर्गाने आपापल्या डोळ्याला, कानाला बरोबर हात लावला होता. फळ्याकडे कुणी पाहिलेच नव्हते.

"सकाळी कोणती टाकली होती?"

दीक्षा आळीपाळीने दोन्ही बाटल्यांकडे पाहू लागली. "डब्बीवर डोळ्याचं चित्र होतं, टीचर. आजीनं डब्बी चुलीत टाकली."

"सकाळपासून जळूनच राहिला डोळा," डोमाजी म्हणाले. "मले वाटलं, आप्रेशनचं असन."

रागिणीने ऑटो थांबवला. डोमाजी, मैनाबाई आणि दीक्षाला घेऊन ती दवाखान्यात पोचली.

डॉक्टरांनी डोळा धुतला, पट्टी बांधली. सूज बरीच होती. दिसेल की नाही, हे उद्याच सांगता येईल, म्हणाले. दुसऱ्या डोळ्याने तर डोमाजींना आधीपासूनच अंधूक दिसायचे.

ते बाकावर टेकले. "मॅडम, पोट्टीले रागवू नोका. एवढं वाचते, एखादखेप चुकते माणूस." मग ते नातीकडे वळले. "दीक्षा, थ्या भितीवर काय लिवलं हाय, वाच बरं. तेवढाच टाइम जाईन."

दीक्षाने बोट वर केले. मग हळूच रागिणीकडे पाहिले.

रागिणीला रडू फुटले. भीती तर सकाळपेक्षाही जास्त वाटत होती, पण आता गप्प राहणे तिला जमेना. "बाबा, तिले वाचता येत नाही. तिनं सारं पाठ केलं हाय. वाचाले मी शिकवलंच नाही."

मैनाबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"मी तर वाचते ना, टीचर," दीक्षा म्हणाली. मग तिने रागिणीची ओढणी ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारले, "मंग वाचनं कसं असते?"

डोमाजींनी चाचपडत तिचा हात शोधला आणि आपल्या मांडीवर घेतला.