खलाशाचं पत्र

बायको दिवसातून किती वेळा ‘तो म्हणतो’ असं म्हणते, याची नोंद काचवाल्याने मंगळवारपासून ठेवायला सुरुवात केली. गुरुवारी आकडा एकोणिसावर गेला आणि त्याने मोजणं सोडलं. कारण तेवढ्याच दिवसांत ‘तू म्हणतोस’ हे एकदाच आलं होतं, आणि तेही ‘तू म्हणतोस तसा नळ काही दुरुस्त झाला नाही’ एवढ्यापुरतं.

काचवाला म्हणजे चष्म्याच्या काचा घासणारा. चष्म्याच्या दुकानामागे एक लांबोडकी खोली होती, तिथे तो आणि त्याचा जोडीदार मायनस समोरासमोर बसत. मायनसचा नंबर इतका जाड होता, की चष्मा काढला की तो भिंतीवरच्या कोटाशी बोलायला लागायचा. काच चौकटीत बसेना, की काचवाला ती पॉलिशच्या ओल्या भुकटीत बुडवायचा आणि अंगठ्याखाली दाबून घासायचा. अकरा वर्षं हेच. लोकांना लांबचं दिसावं म्हणून हा माणूस दिवसभर जवळचं बघत बसायचा.

बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. पाच बायका एका रांगेत, प्रत्येकीसमोर कुणातरी अनोळखी माणसाचा जबडा. हात गुंतलेले, कान रिकामे. त्या रिकाम्या कानांत ‘कडी-कोयंडा’ नावाचा पॉडकास्ट शिरला. फोन आपल्याबद्दल काय काय गोळा करतो, ते कुठे जातं, आणि माणसाला स्वतःचं असं काही राहू द्यायचं की नाही, यावर एक पुरुष आठवड्यातून तीनदा बोलायचा. आवाज असा, की नुकतीच अंघोळ करून, केस पुसून, तुमच्याच शेजारी येऊन बसल्यासारखा.

“तो म्हणतो,” बायको जेवताना म्हणाली, “‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ असं म्हणणारा माणूससुद्धा अंघोळीला दार लावून घेतो.”

“मी नाही लावत,” काचवाला हट्टाने म्हणाला.

“तू लाव,” त्याची आई म्हणाली. “मी किती दिवस सांगतेय.”

घर बघता बघता बदललं. बायकोने कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात ते गुलाबी मेण आणलं आणि फोनच्या कॅमेऱ्यावर बोटभर थापलं. टीव्हीच्याही कॅमेऱ्यावर थापलं. आपण कुठे आहोत हे नवऱ्याला नकाशावर दाखवणारा निळा ठिपका तिने बंद केला. काचवाल्याने त्या ठिपक्याकडे पाहत कित्येक दुपारी काढल्या होत्या. ठिपका लॅबमध्ये असायचा, संध्याकाळी घरी यायचा. त्यात काही घडत नसे, पण तो जीवाला बरा वाटायचा. आईने तर आपल्या खोलीच्या दाराला परवलीचा शब्द ठेवला. टकटक करून शब्द सांगितला तरच आत. शब्द ती दर सोमवारी बदलायची आणि मंगळवारी स्वतःच विसरायची, मग उंबऱ्यावर उभी राहून सुनेला विचारायची. मुलाला कधी विचारलं नाही. “तू बाहेर बोलशील,” म्हणायची.

हेही त्याने गिळलं असतं. पण अंगठ्याचं झालं.

बायकोच्या फोनमध्ये त्याचा अंगठा होता. लग्नाआधी एका बागेतल्या बाकावर तिने त्याचा अंगठा धरून फोनच्या काचेवर सात-आठदा टेकवला होता, ठसा नोंदवायला. काचवाल्याच्या लेखी लग्न तिथेच लागलं, बाकीचं सगळं नातेवाइकांसाठी. त्याचा स्वतःचा फोन जुनापुराणा, त्याला ठसा वगैरे काही कळायचं नाही. त्यामुळे जगात त्याच्या अंगठ्याला ओळखणारी वस्तू एकच होती. तिचा फोन तो काही रोज उघडायचा नाही. आठवड्यातून चारदा. सहज चाळायचा, कुणी कुणाला काय लिहिलंय बघायचा आणि होता तसा ठेवून द्यायचा.

एका रविवारी सकाळी ती अंघोळीला गेली, आणि फोन म्हणाला, ठसा जुळत नाही. त्याने अंगठा शर्टाला पुसून लावला. जुळत नाही. आडवा लावला, उभा लावला, फुंकर मारून लावला. फोनने आणखी प्रयत्न करायलाच मनाई केली. आतून पाणी पडत होतं, आणि त्या पाण्याच्या वरताण तो अंघोळ केल्यासारखा आवाज कुणाच्या तरी स्वातंत्र्याबद्दल बोलत होता, कारण न्हाणीघरात तिचा छोटा स्पीकर होता. बायको, तो आवाज आणि कडी लावलेलं दार. काचवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काढला,” तो सोमवारी मायनसला म्हणाला. “त्याच्या सांगण्यावरून माझा अंगठा काढून टाकला.”

“विचार की तिला.”

“काय विचारू? मी तुझा फोन चोरून उघडत होतो, तर उघडला का नाही?”

“हो. तसंच घडलंय ना?”

“तुला बायको नाही म्हणून तू असं बोलतोस.”

“मला बायको आहे.”

“मग तुला अंगठा नाही.”

मायनसने आपले दोन्ही अंगठे डोळ्यांजवळ नेऊन तपासले आणि कामाला लागला.

काचवाल्याने आधी त्या माणसाचा चेहरा शोधला. तीन दिवस जेवणाच्या सुटीत शोधला. कुठेच नव्हता. ना फोटो, ना गाव, ना वय, ना एखाद्या लग्नात मागच्या रांगेत उभा. हा माणूस स्वतः दिलेल्या सल्ल्याप्रमाणे वागत होता, आणि याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही. चेहरा मिळेना म्हणून काचवाल्याला तो स्वतःच बनवावा लागला. जळणाऱ्या माणसाने बनवलेला चेहरा तो, नाक सरळच निघालं.

मग त्याने पॉडकास्ट ऐकायला घेतला. शत्रूच्या गोटात शिरायचं म्हणून. काचा घासता घासता तीन आठवड्यांत त्याने एकेचाळीस भाग ऐकले. त्यातून त्याला कळलं की फुकटचा टॉर्चसुद्धा आपल्या फोनमधले नंबर मागत असतो, की ‘मान्य आहे’ हे बटण दाबण्याआधी माणूस काहीच वाचत नाही, आणि नजर ठेवली जातेय हे कळलं की माणूस एकटा असतानाही नीट बसतो. प्रत्येक गोष्ट पटत होती. दर पटण्यामागे जळफळाट दुप्पट होत होता. हा गडी खोटं बोलला असता, तर किती बरं झालं असतं. सतराव्या भागात तो म्हणाला, की जोडीदाराचा फोन चोरून बघणं ही काळजी नव्हे, पहारा आहे. आणि समोरचा जे सांगत नाही ते न विचारता राहू देणं हे सगळ्यांत अवघड प्रेम. काचवाल्याला हा भाग इतका आवडला की त्याने तो आपल्या मेव्हण्याला पाठवला. त्याला सुधारायची गरज होती.

दर शुक्रवारी थेट कार्यक्रम असायचा. श्रोत्यांची पत्रं त्यात एक अक्षर न बदलता वाचली जात, कारण श्रोत्याच्या शब्दाला हात लावणं हासुद्धा स्वातंत्र्यावर घाला, असं त्याचं मत होतं. काचवाल्याने पत्र लिहायचं ठरवलं.

आपली ओळख कशी लपवायची हे त्याला आता कोळून प्यायल्यासारखं ठाऊक होतं. नाव द्यायचं नाही. धंदा बदलायचा. वय बदलायचं. त्याने लिहिलं, ‘मी जहाजावरचा खलाशी आहे. वय बावन्न. मला पोहता येत नाही.’ शेवटचं वाक्य खरेपणा यावा म्हणून. स्वतःला असं साफ पुसून झाल्यावर तो बायकोबद्दल लिहायला बसला, आणि तिथे त्याचा हात काही थांबेना. ‘माझी पत्नी कवळ्या बनवते. तिने माझा अंगठा तिच्या फोनमधून काढला आहे. तुमचं ऐकून काढला आहे. तुम्ही तिला ओळखता असं तुम्हाला वाटत असेल, तर सांगतो. तिचा वरचा, पुढचा, डावीकडचा दात खोटा आहे. तो तिने स्वतः घडवला आहे. हे तिच्या आईलाही ठाऊक नाही. जगात फक्त मला ठाऊक आहे. मग आता बोला.’

वाचून त्याला फार बरं वाटलं. त्याने पत्र पाठवलं.

शुक्रवारी दुपारी मायनसने आपल्या फोनवर थेट कार्यक्रम लावून आवाज मोठा केला. त्याच वेळी, गावाच्या दुसऱ्या टोकाला, लॅबमधल्या पाचही बायका भिंतीवरच्या स्पीकरवर तेच ऐकत होत्या. बायकोनेच त्यांना गोडी लावली होती. काचवाल्याला हे माहीत होतं. रात्रीच्या जेवणात ती दोनदा सांगून झाली होती. पण त्या वेळी तो ‘तो म्हणतो’ मोजत होता.

“एका खलाशी मित्राचं पत्र आहे,” आवाज म्हणाला आणि वाचायला लागला. दातापर्यंत आला. दातावरून पुढे गेला. ‘मग आता बोला’ वाचून थांबला.

“हे मी वाचायला नको होतं,” आवाज म्हणाला. “माझा नियम चुकीचा होता. त्या बाई ऐकत असतील तर मी त्यांची माफी मागतो. आणि खलाशीदादा, तुम्ही स्वतःला पत्रातून फार छान पुसलंत. त्यांना मात्र दारात उभं केलंत. राहिला अंगठा. दोरखंड ओढून ठसे झिजतात हो. फोनला तुमचा अंगठा दिसतच नसेल. विचारलंत का त्यांना?”

मायनसने काचवाल्याचा अंगठा धरला आणि चष्म्याला टेकवून पाहिला. “काचेसारखा गुळगुळीत झालाय,” तो म्हणाला. “वर पॉलिश आहे.”

काचवाल्याने अंगठा मुठीत दडवला. पण आत, अगदी आत, पहिला विचार वेगळाच आला होता आणि तो त्याला झाकता येईना. माफी मागण्यातही तो माणूस पहिला आला.

घरी बायको टेबलाशी बसली होती. ओठ घट्ट मिटलेले.

“खलाशी आले,” ती म्हणाली.

“अगं, ऐक...”

“दात बघायचं शिक्षण झालेल्या चार बायका आहेत तिथे. चार मिनिटांत सापडला त्यांना. एकीने भिंग आणलं.” तिने पाण्याचा घोट घेतला. “रंग छान जमलाय म्हणाल्या.”

“चुकलं माझं. मी ते लिहायला नको होतं.”

“हे दुपारी ऐकलं मी. त्याच्याकडून.”

काचवाला दुसरे शब्द शोधायला लागला, पण एकेचाळीस भागांनंतर डोक्यातले सगळे चांगले शब्द त्याच माणसाचे होते.

बायकोने फोन पुढे सरकवला. ठशांची यादी उघडी होती. दोन नावं. एक ‘मी’. दुसरं ‘हा’.

“कधीच काढला नव्हता,” ती म्हणाली. “तू उघडतोस तेही माहीत होतं. बघून झालं की तू तो उलटा ठेवायचास, मी सुलटा ठेवते. मला वाटायचं, कधीतरी तोंडाने विचारेल. विचारलंस कुणाला, तर त्याला.”

“तो तुला माझ्यापेक्षा जास्त...” काचवाल्याचं वाक्य अडकलं. “तू त्याचं ऐकतेस.”

“तो मला काही विचारत नाही, म्हणून ऐकते. त्याला तर माझं नावही ठाऊक नाही.” ती थांबली. “आज दात मात्र कळला. तू सांगितलास.”

आतल्या खोलीतून आई म्हणाली, “मला शब्द कुणी सांगेल का? मी बाहेर आले तर परत आत कशी जाऊ?”

“मी काय करू आता?” बायकोने विचारलं. “तो काय म्हणतो ते मला पाठ आहे. तू सांग.”

यादीत ‘हा’ अजून होता. एक नवं बोट लावायचं, डावी करंगळी, ती काच घासत नाही, ठसा शाबूत आहे, म्हणजे सगळं पूर्वीसारखं. हे त्याला अर्ध्या सेकंदात सुचलं होतं.

“काढून टाक,” तो म्हणाला.

“तो म्हणतो म्हणून?”

काचवाल्याने बराच विचार केला. “तो म्हणतोच. पण मी त्याच्यानंतर, स्वतःहून म्हणतोय.”

तिने नाव दाबलं. फोनने विचारलं, नक्की? तिने पुन्हा दाबलं. ‘मी’ एकटंच उरलं. काचवाल्याला वाटलं होतं, काहीतरी आवाज होईल.

मग तिने फोन स्वतःकडे ओढला, जरा वळून बसली आणि भराभर लिहायला लागली. लिहिता लिहिता एकदा हसली. डावीकडचा दात दिसला.

“काय लिहितेयस?”

“पत्र.”

“कुणाला?”

तिने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहत राहिली. ना राग, ना काही, नुसती वाट बघत.

काचवाल्याने तोंड उघडलं. शुक्रवारी त्या आवाजाने ते वाचलं तर, हा विचार त्याच्या छातीतून वर येत कानांपर्यंत पोचला. त्यात आपल्याबद्दल काय असेल. आपला दात तर एकही खोटा नाही, मग काय असेल. त्याने तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

“चहा ठेवू?” तो म्हणाला.

“ठेव,” ती म्हणाली आणि परत लिहायला लागली.

त्याने पातेलं घेतलं, पाणी मोजलं, गॅस लावला आणि टेबलाकडे पाठ करून उभा राहिला. मागे बोटांची टपटप चालू होती. पाणी उकळायला सहा मिनिटं लागली. तो एकदाही वळला नाही, पण मान दुखायला लागली.