दोघांचं एकच पाणी

चहा गाळता गाळता सून थांबली. चहा कपाबाहेर ओट्यावर ओघळत होता, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"अरे, पण ते एकच आहे कशावरून?"

माझा मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसला होता. दुपारी विद्यापीठात त्याचं व्याख्यान होतं. ते ऐकून त्याची नोकरी कायम करायची की नाही, हे ठरायचं होतं.

"काय एकच?"

"तुझं उत्तर आणि माझं."

दोघंही गणितातले. भांड्यातलं पाणी ढवळून सोडलं तर पुढे कसं वाहील, याच्या समीकरणांवर दोघांनी मिळून काम केलं होतं. ऐकून ऐकून मला एवढं कळलं होतं, की उत्तर असतं हे जुन्या लोकांनीच दाखवलंय. पण मध्येच कुठे वेग बेफाम होणार नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. या दोघांनी ते सांगितलं होतं. मुलाने पाण्याचे तुकडे पाडून उत्तर बांधलं आणि त्याचा एक गुण सिद्ध केला. सुनेने पाणी आधी मधासारखं दाट धरलं, मग हळूहळू पातळ करत आणलं, आणि दुसरा गुण सिद्ध केला. दोन्ही गुण एकत्र आले की वेग काबूत.

"सुरुवात एकच आहे ना?" मुलगा म्हणाला.

"म्हणून पुढचं वाहणंही एकच? ते कुणी सिद्ध केलंय? तुझा गुण तुझ्या पाण्यात, माझा माझ्या. आपण दोन्ही उत्तरांना एकच अक्षर दिलं आणि मोकळे झालो."

"आणि हे तुला आज आठवतंय?"

"मग काय, मुद्दाम राखून ठेवलं होतं?"

तो बराच वेळ कागद चाळत राहिला. "समोरच्यांच्या लक्षातही येणार नाही."

"नसेल येत."

"आई, तू तरी सांग हिला."

"मला त्यातलं काय कळतंय बाबा? पण घाम तुला फुटलाय, तिला नाही."

दुपारी आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो. त्याने फळ्यावर आधी आपला भाग मांडला, मग तिचा. निवड समितीच्या बाई मान डोलवत होत्या.

"आता ती दोन्ही उत्तरं एक धरणारी ओळ," सून पुटपुटली. माझी बोटं तिने इतकी आवळली की अंगठी रुतली.

त्याने अर्धी ओळ लिहिली. खडू थांबला.

"हं, पुढे?" बाई म्हणाल्या.

त्याने बाहीनेच ओळ पुसली. "हे उत्तर माझं, ते माझ्या बायकोचं. दोन्ही एकच, असं आम्ही धरून चाललो होतो. सिद्ध केलेलं नाही. आज सकाळी तिच्या लक्षात आलं."

"म्हणजे निष्कर्ष गेला."

"गेला."

"मग उरलं काय?"

"उत्तर असतं, हे उरलं. उत्तरं एकाहून जास्त निघाली, तरी शेवटी ते पाणी शांत होतं, हेही उरलं. पण हे दोन्ही जुनंच. मधलं माहीत नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "कळवू आम्ही."

बाहेर जिन्यात तो कठड्याला टेकून उभा राहिला. सून दोन पायऱ्या खाली उतरून थांबली.

"तुझे तुकडे आणि माझं दाट पाणी, दोन्ही एकाच बांधणीत घेऊन बघू," ती म्हणाली. "म्हणजे उत्तर पहिल्यापासूनच एक."

"त्यात दोन्ही गुण टिकतील?"

"माहीत नाही."

"आणि नोकरी?"

"तीही माहीत नाही. बाही झटक आधी, सगळा खडू माखलाय."