एकत्र धरायच्या वस्तू

थोरल्याने दवाखान्याची फाइल वकीलबाईंपुढे सरकवली आणि तिच्यावर बोट टेकवलं.

"हेही हिशोबात धरा, मॅडम. याच्या ऑपरेशनचा सगळा खर्च बाबांनी केलाय. पावत्या आहेत."

धाकटा समोरच्या खुर्चीत होता. बोटांवर काचेचे जुने-नवे ओरखडे. फोटोंना चौकटी बसवणाऱ्याचे हात. टेबलाच्या कोपऱ्यावरून तो अंगठा फिरवत राहिला, सांधा नीट बसलाय का बघावं तसा.

बाबांचं मृत्युपत्र अर्ध्या पानाचं होतं. हयातीत ज्याला जे दिलं, त्याची किंमत राहत्या घराच्या किमतीत मिळवावी आणि सगळ्याचे तीन सारखे भाग करावेत. ज्याच्याकडे जास्त गेलं असेल, त्याने बाकीच्यांना भरून द्यावं. बहिणीचे दागिने लिहून झाले होते. धाकट्याला दिलेलं चौकटींचं दुकानही लिहून झालं होतं. तेवढ्यावर दुकान वाचत होतं. ऑपरेशन धरलं तर ते विकावं लागणार होतं.

"आजारपण कुणी धरतं का रे, दादा?" बहीण म्हणाली. "उद्या माझ्या गोवराचं औषध काढशील."

"काढलं असतं. पावती नाही."

वकीलबाई हसल्या, आणि आपण एकट्याच हसतोय हे पाहून गप्प झाल्या.

"मी खर्चाचंच बोलतोय," थोरला म्हणाला. "बाबांनी याला स्वतःची किडनी दिली. नऊ वर्षं एकीवर काढली, आणि ती गेली तसे तेही गेले. त्याचा भाव मागतोय का मी?"

धाकट्याने मान वर केली नाही. बाबा गेल्यापासून हे वाक्य घरात रोज कुणीतरी म्हणतच होतं. बहुतेक वेळा तो स्वतः, मनाशी.

बाईंनी फाइलची दोरी सोडली आणि पावत्या एकेक करून वेगळ्या काढू लागल्या. तळाशी एक पिवळट कागद निघाला. ही पावती नाही, म्हणत त्यांनी तो बाजूला ठेवला. बहिणीने सहज उचलला, वाचला आणि हातातच धरून ठेवला.

ते किडनी देणाऱ्याचं संमतिपत्र होतं. नाव थोरल्याचं, सही थोरल्याची. खाली डॉक्टरांचा शेरा: तपासण्या जुळतात. त्याखाली वेगळ्या शाईत: दात्याने माघार घेतली.

"तुझं जुळलं नव्हतं ना, दादा? बाबांनीच सांगितलं होतं आम्हाला."

थोरल्याने फाइल सकाळीच बाबांच्या कपाटातून काढली होती. वरच्या पावत्या दिसल्या, तेवढ्यावर त्याने दोरी बांधली होती.

"माझी पोरगी सहा महिन्यांची होती," तो म्हणाला. "बाबाच म्हणाले, तू राहू दे, मी बघतो. कुणाला सांगू नकोस म्हणाले."

धाकट्याने बहिणीच्या हातून कागद घेतला. सावकाश वाचला, पुन्हा वाचला आणि मुडपलेला कोपरा सरळ करून फाइलमध्ये होता तिथे ठेवला.

"ऑपरेशन धरू नका, मॅडम," थोरला म्हणाला. "दुकानही खोडा. राहू दे त्याच्याकडेच."

बाईंनी पेन उचललं.

"नको," धाकटा म्हणाला. "बाबांनी लिहिलंय तसंच करा. सगळं धरा."

"अरे, दुकान जाईल."

"जाऊ दे."

"आणि खाशील काय?"

"बघेन. पण दुकान मला बाबांनी दिलं होतं, दादा. ते आता तू मला द्यायचं नाहीस."



बाईंनी ऑपरेशनची ओळ लिहिली आणि वयाप्रमाणे कागद आधी थोरल्यापुढे ठेवला. तो स्वतःच्या पेनचं टोपण ओढत राहिला, ते निघेना. धाकट्याने त्याच्या हातून पेन घेतलं, टोपण काढलं आणि पेन परत त्याच्या हातात दिलं.