पदराचा बोळा

सातवा महिना लागला आणि मयूरीनं नर्स शोधायला सुरुवात केली. घरात पोरीसाठी स्थळ बघावं तशी तिची चौकशी चालली होती. एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान वर न करताच गोळ्या लिहून दिल्या, तिथं ती परत गेली नाही. दुसऱ्या ठिकाणची बाई म्हणाली, "दुसऱ्या खेपेला काही कळत पण नाही बघ." तिथूनही ती उठून आली. मग कोणीतरी तापीपलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या सुसाना सिस्टरचं नाव सांगितलं. नवापूरकडची बाई, म्हणे आधी सगळं ऐकून घेते आणि मग हात लावते.

दगूबाईला, म्हणजे मयूरीच्या सासूला, ही सगळी थेरं वाटायला हवी होती. एरवी वाटलीच असती. तिची स्वतःची तीन बाळंतपणं त्याच घरातल्या मागच्या खोलीत झाली आणि भिंतीपलीकडच्या जावेलासुद्धा रडणारं पोर ऐकूनच कळलं. ही गोष्ट दगूबाई लग्नाकार्यात, हळदीला बसल्या बसल्या, कोणी विचारो न विचारो, सांगायची. गेल्या तीन वर्षांत मात्र तिनं ती एकदाही सांगितली नव्हती.

"मी सुसाना सिस्टरले भेटाले जास," मयूरी म्हणाली.

"मी बी येस," दगूबाई घाईनं म्हणाली.

"तुम्ही काबर तरास घेतस, आई?"

"येस ना. एकली काबर जाशी?"

काळजी होती, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळंच होतं. ती नर्स खोदून खोदून विचारते म्हणतात. मयूरी काय काय सांगेल, ते आपल्या कानावर असावं, म्हणून ती निघाली.

तीन वर्षांपूर्वी मयूरीला माहेरी म्हसावदला न्यायचं ठरलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, हा रिवाज. पण पोराला रिवाज कुठला माहीत असायला! महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या, आणि त्याही नेमक्या नणंदेला बघायला पाहुणे आले त्या दुपारी. पुढे ओट्यावर मुलाकडची माणसं बसलेली, मागच्या खोलीत मयूरी. मयूरीचा नवरा योगेंद्र गाडी आणायला गेलेला. मयूरी ओरडली तशी दगूबाई धावली. "चूप ऱ्हाय व माय, बाहेर मानसं बठेल शेतस!" तरी ती ओरडायचं थांबेना. तेव्हा दगूबाईनं आपल्या पदराचा बोळा केला, तिच्या तोंडात कोंबला आणि वरून हात दाबून धरला. मयूरी मान हलवत होती, डोळे मोठे करत होती, बोटानं खाली दाखवत होती. दगूबाईला वाटलं, पोरगी नाजूक आहे, कळ सोसत नाही. अंथरूण भिजून फरशीवर ओघळ आला, तेव्हा कुठे तिनं खाली बघितलं.

योगेंद्रची गाडी वेळेवर आली, म्हणून मायलेकरं वाचली. शहाद्याला रक्त चढवावं लागलं. इकडे नणंदेचं लग्न ठरलं. पाहुणे जाताना दगूबाईच्या नवऱ्याला, बन्सीलालला, म्हणाले, "घरात बाळंतपण चालू होतं आणि आवाजसुद्धा नाही आला! वळण आहे घराला." बन्सीलाल आजही हे चारचौघांत सांगतो. तो सांगायला लागला की दगूबाईला काहीतरी काम आठवतं आणि ती आत निघून जाते.

सुसाना सिस्टर ठेंगणी होती, तिच्या गळ्यात बारीकसा क्रूस होता. तिनं मयूरीला समोर बसवलं आणि विचारलं, "मागच्या वेळी काय झालं होतं?"

"जरासा तरास झाया," दगूबाई म्हणाली.

"आई, मी तिला विचारलं."

मयूरी ओढणीशी चाळा करत राहिली. मग हळू म्हणाली, "रक्त जाई ऱ्हायनं व्हतं. माले सांगानं व्हतं. पन तोंडम्हा पदर व्हता."

"कोणाचा?"

दगूबाईचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. मयूरीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ध्यानम्हा नही," ती म्हणाली.

इतकं ढळढळीत खोटं सुनेनं आपल्यासाठी बोलावं आणि आपण ते गिळून गप्प बसावं! दगूबाईला स्वतःची किळस आली. 

"हे बघ," सिस्टर मयूरीला म्हणाली, "इथं ओरडायचं. तू ओरडलीस, बोललीस, तर मला कळेल आत काय चाललंय. आणि सोबतीला एक बाई आत घेता येते. कोण हवं, ते तू ठरव."

"मन्ही माय," मयूरीनं लगेच सांगितलं.

परतताना काळी-पिवळी जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या. दगूबाईला म्हणायचं होतं, माफ कर पोरी. प्रकाशा गाव येईपर्यंत ते तिच्या ओठांवर होतं. गाडी थांबली तशी ती म्हणाली, "केळं लेऊ का व?" मयूरी नको म्हणाली. 

यावेळी कळा दिवस भरल्यावर, सकाळीच सुरू झाल्या. म्हसावदहून मयूरीची आई आली होती, ती आत गेली. दगूबाई खोलीच्या दाराबाहेर बाकड्यावर बसली. आता आवाज येईल, मग येईल, म्हणून तिनं कान टवकारले. आवाजच येईना. उन्हं चढली. आतून फक्त सिस्टरचं बोलणं ऐकू येत होतं. बाहेर आवारात बन्सीलाल मोटरसायकलला टेकून ओळखीच्या माणसांना सांगत होता, "आपली सून सोशिक शे!"

सुसाना सिस्टर बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या होत्या. "ती दातच उघडत नाही. कुठे दुखतंय विचारलं तर नुसती मान हलवते आणि दाराकडे बघते. अशानं मला काही कळायचं नाही."

दगूबाईनं त्या दाराकडे बघितलं. दाराच्या अलीकडे तर फक्त तीच बसली होती. आज तिनं कोणाला हात लावला नव्हता, अवाक्षर काढलं नव्हतं, आणि तरी तिचा हात सुनेच्या तोंडावर होताच.

"सिस्टर," ती म्हणाली, "पदर मन्हा व्हता. मीच दाबं व्हतं तिन्हं तोंड."

सिस्टरनं एकदा तिच्या पदराकडे बघितलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर दगूबाईला हलकं वाटलं असतं.

दगूबाई उठली आणि दाराला तोंड लावून मोठ्यानं म्हणाली, "मयूरी, मी चालनी व. फाटकबाहेर जास. आते आठे कोनी नही." आणि ती भरभर निघाली. बन्सीलालनं विचारलं, कुठे चाललीस, तरी ती थांबली नाही. फाटक ओलांडून, चहाच्या टपरीपुढे, उसाचे ट्रॅक्टर जातात त्या रस्त्याच्या कडेला जाऊन ती उभी राहिली.

थोड्या वेळानं मयूरी ओरडली. टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. ती पुन्हा ओरडली, लांबलचक, आईला, देवाला, सगळ्यांना हाका मारत. त्यात एकदा दगूबाईचंही नाव होतं आणि ते काही मानानं घेतलेलं नव्हतं. दगूबाईनं ते सगळं ऐकून घेतलं.

बन्सीलाल लाजेनं लाल होऊन फाटकाशी आला. "जाय व, सांग तिले. लोक आयकी ऱ्हायनात."

"आयकू द्या," दगूबाई म्हणाली. "तिले कोनी काही सांगाले जावानं नही."

दुपार कलल्यावर योगेंद्र धावत आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. "चाल ना माय, आत चाल!"

दगूबाईनं डोळे पुसले, दोन पावलं टाकली आणि थांबली.

"मयूरीनी बलावं का माले?"

योगेंद्र गोंधळला. "तिनी नही काही सांगं. पन तू चाल ना."

"नही रे भाऊ. पहिले तिले इचारी ये," दगूबाई म्हणाली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली.