नववा ध्वनी

"बाई, परत घेऊ या," काचेपलीकडून मुद्रणवाला म्हणाला. "पहिले सहा एकदम झकास. सातवा, आठवाही चालतील. नवव्याला काहीतरी होतंय."

"काहीतरी म्हणजे?"

"ते तुम्हीच सांगायचं. मला नुसती रेघ दिसते."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला. वरची कवळी बसवून आज सतरा दिवस झाले होते. अजून पाणीसुद्धा तोंडात परकं वाटत होतं.

फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्यांना इंग्रजी उच्चार शिकवणाऱ्या या केंद्रात त्यांना बावीस वर्षं झाली होती. इंग्रजीची चोवीस व्यंजनं त्यांच्याच आवाजात मुद्रित होती. प्रत्येक नवी तुकडी पहिले आठ दिवस तेवढंच ऐकायची आणि घोकायची. ते मुद्रण आता खरखरत होतं, म्हणून आज नवं. केंद्रात एक नियम होता, कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडलेलाही नाही: ज्याचा आवाज, त्याचा वर्ग. यंत्र एक बोलतं आणि शिकवणारा दुसरं, असं झालं की शिकणाऱ्याची जीभ धड इथेही राहत नाही आणि तिथेही जात नाही.

सकाळी त्या आरशासमोर सराव करत असताना नवरा म्हणाला होता, "एवढं 'थिंक' अडतंय तर 'विचार कर' म्हण की! तुझं तेच तर चाललंय आठवडाभर." त्या हसल्या होत्या, पण ओठ मिटूनच.

नवव्या ध्वनीत, म्हणजे 'थिंक'च्या सुरुवातीच्या आवाजात, तसं अवघड काही नव्हतं. जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांमध्ये हलकेच धरायचं आणि हवा घासत बाहेर सोडायची. आपल्या 'थ'ला जीभ दातांना चिकटते, हवा अडते, मग एकदम सुटते. अडून सुटली की स्पर्श, घासत गेली की घर्षक. एवढाच फरक. पण या एवढ्याशा फटीत जीभ आणून बसवायला काहींना दिवस लागत, काहींना महिना. धाकटीला तीन आठवडे लागले होते. धाकटी म्हणजे त्यांची मदतनीस. सहा वर्षांपूर्वी ती त्यांच्याच वर्गात शिकली होती आणि आता मुद्रणवाल्याशेजारी बसली होती.

बाईंनी आणखी चारदा प्रयत्न केला. जीभ पुढे गेली की कवळी किंचित हलायची आणि जीभ आपण होऊन मागे पळायची, चटका बसल्यासारखी. मग त्या उठून बाहेर आल्या.

"दाखवा."

पडद्यावर पहिल्या सहांच्या रेघा होत्या: आधी सपाट, मग एकदम उसळी. सातव्या-आठव्याच्या गवतासारख्या, सलग. नववी पुन्हा सपाट आणि मग उसळी.

"स्पर्श आहे हा," बाई म्हणाल्या.

"बाई, कुणाला कळतंय?" धाकटी म्हणाली. "निम्मं जग तसंच बोलतं."

"निम्म्या जगाला मुद्रणाला बसवलंय का कुणी?"

मुद्रणवाल्याने खुर्ची जवळ ओढली. "मी काय म्हणतो, जुन्यातला नववा साफ करून इथे डकवतो. तुमचाच आवाज आहे. देवाला पण पत्ता लागणार नाही."

बाईंचे पाय दुखत होते. हो म्हणणं किती सोपं होतं.

"आणि सोमवारी वर्गात मी काय म्हणू? पोरं पहिल्या बाकावरून माझं तोंड बघतात हो. तेवढ्यासाठीच असते मी तिथे."

"महिनाभर थांबू या ना," धाकटी म्हणाली. "कवळी बसेल तोवर."

"तुकडी थांबणारे का? जा, आत बस."

"मी? बाई, पण मग वर्ग..."

"कळतंय मला. बस म्हटलं ना."

बाईंनी टेबलावरचा ध्वनींचा तक्ता ओढला आणि नवव्या ओळीत आपल्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: स्पर्श. अमान्य. मग वरचं स्वतःचं नाव खोडून तिथे धाकटीचं लिहिलं.

धाकटीने पहिल्यापासून सुरुवात केली. आठ नीट झाले. नवव्याला तिची जीभ दातांआडच राहिली. बाईंनी आत बोलायचं बटण दाबलं.

"दिसू दे जीभ. मला वाईट वाटेल म्हणून आत ओढू नकोस."

दुसऱ्या खेपेला रेघ सलग उमटली. मुद्रणवाल्याने मान हलवली. बाईंनी तक्त्यावर खूण केली.

"पुढचा. जागा तीच, हवाही तशीच घासत. फक्त कंठ थरथरला पाहिजे. गळ्याला हात लावून बघ."

काचेपलीकडे धाकटीने गळ्याला बोटं लावली. बाईंचाही हात सवयीने आपल्या गळ्याकडे गेला. ऐकताना त्यांनी तो तिथेच राहू दिला. बोटांखाली काहीच थरथरत नव्हतं.